धुराड्यावरची बोटं

आमच्या काकांचा विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर, तोही चष्मा लावलेला असेल तर. तीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या फाटकावर कामगारांच्या पिशव्या तपासल्या. निवृत्तीनंतर पिशव्या संपल्या, संशय मात्र पेन्शनसारखा चालूच राहिला.

घर जुनं, विटांचं. काकू खालच्या खोलीत झोपायची, कारण जिना तिला चढवत नव्हता. त्या खोलीत भिंतीत बसवलेली कोळशाची शेगडी होती आणि तिचा धूर छपरावरच्या धुराड्यातून बाहेर जायचा. यंदा थंडी पडली तसा तो खोलीतच रेंगाळायला लागला आणि काकूचा दमा उसळला. "धूर बंद करा, नाहीतर एक दिवस झोपेतच जातील त्या," असं डॉक्टरांनी बजावलं. काकांना वाटलं, याचं गवंड्यांशी साटंलोटं असणार. पण ते घाबरले होते. त्या आठवड्यात त्यांनी मला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा डॉक्टरांना शिव्या घातल्या. शेवटी मीच सुट्टी काढून गेले.

तीन गवंडी येऊन गेले. पहिला म्हणाला, धुराडं पाडून नवं बांधा. दुसरा म्हणाला, निम्मं पाडा. तिसऱ्यानं खाली उतरून हात झटकले. "पाच-सहा विटा बदलू, सांधी चुन्यानं भरू. दोन दिवसांचं काम."

काकांनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "हाच सगळ्यात बिलंदर! इतकं कमी कोण सांगतं? नक्की कुठेतरी पाणी मुरतंय."

"मग पाडा सगळं," मी म्हटलं.

"तेही नको."

शेवटी काकूनंच तिसऱ्याला यायला सांगितलं. काकांचे गुडघे शिडी चढण्यातले नव्हते, म्हणून त्यांनी अंगणात खुर्ची टाकली आणि दुर्बीण डोळ्याला लावली. काढलेली प्रत्येक वीट खाली आणून दाखवायची, अशी अट घातली. गवंडी बिचारा मुकाट्यानं वर-खाली करत होता. काका विटा वाजवून बघत. एकीचा तर वासही घेतला.

चौथी वीट घेऊन तो आला तेव्हा तिचा दर्शनी भाग पापुद्र्यासारखा निघाला होता.

"काका, जुन्या विटेवर कुणीतरी सिमेंट थापलंय. ओल आत अडकली आणि वीट फुटली. कुणाचं काम हे?"

"अकरा वर्षांपूर्वी दुरुस्ती केलेल्या गवंड्याचं," काका ताडकन म्हणाले. "चोर होता लेकाचा."

"गवंडी थापीनं लावतो. इथे बोटं उठलीत." त्यानं वीट उन्हात धरली. कडेला उरलेल्या सिमेंटवर चार बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते. "बाहेरचं मी काढेन. पण आतूनही थापलं असेल, तर ते सुटून मधेच अडकलंय आणि आणखी अडकेल. धूर म्हणूनच परततोय. मला वरून दिसत नाही. कुठून फोडायचं ते कळलं तर बरं, नाहीतर चुकून काही राहून जाईल."

"बघितलंस? वाढवलं काम!" काका माझ्याकडे बघून म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. आत काकू खोकायला लागली. खोकला थांबेना. काकांनी दुर्बीण मांडीवर ठेवली.

"पूर्वेच्या बाजूनं," ते म्हणाले. "आत हात पोचेल तिथपर्यंत थापलंय. मी. त्या गवंड्याच्या चुन्यात भेसळ आहे असं वाटलं मला. तो गेल्यावर मी वर चढलो."

गवंडी छिन्नी घेऊन पुन्हा शिडी चढला. मला काकांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

काकू दाराला धरून उभी होती. "माहीत होतं मला. त्या दिवशीचा सिमेंटनं माखलेला सदरा मीच धुतला होता."

"मग अकरा वर्षं बोलली का नाहीस?" काकांनी विचारलं.

"गवंड्याची बाजू घेतली असती, तर तुम्ही माझीही झडती घेतली असतीत," काकू म्हणाली, आणि श्वास पुरेना म्हणून खाली बसली.