बाळकृष्णाचा ताप

हसायचं तर पोटभर हसा, पण आधी कोणाला सांगणार नाही म्हणा. माझ्या हातून असा घोटाळा झाला आहे, की देवसुद्धा मला पाहून गालातल्या गालात हसत असेल!

झालं काय, आमच्या मृणालनं, म्हणजे मुलीनं, पुण्याहून मला नवा फोन पाठवला. नुसता समोर धरला, की वस्तू किती गरम आहे ते सांगणारा! मी आधी वरणाचं पाहिलं, मग यांच्या टकलाचं. खोक्यात आणखी एक पांढरी, गोल चकती होती. वायर लावली की कडेनं निळा प्रकाश! मी लगेच ओळखलं. सदर बाजारात देवाची लाइटवाली सिंहासनं मिळतात ना? कधीची यांच्या मागे लागले होते मी. पोरीनं बरोबर लक्षात ठेवलं!

फोन लावला जुन्याच चार्जरला आणि चकती ठेवली देवघरात. तिच्यावर आमचा पितळेचा बाळकृष्ण. इथे हिंदी मुलखात सगळे त्याला लड्डू गोपाल म्हणतात आणि घरच्या लेकरासारखं सांभाळतात. मीही तशीच.

दुसऱ्या दिवशी आंघोळीला उचलला, तर अंग हे गरम!

"अहो, बाळकृष्णाला ताप आला!"

"कोणाले?" हे पेपरातून.

मी नवा फोन समोर धरला. एकशे सहा!

शेजारच्या साहू भाभी धावत आल्या. देवाच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "हाय राम, दीदी! बुखार तो तेज है. कल ठंडे पानी से नहलाया था क्या?"

गार पाण्यानंच आंघोळ घातली होती हो! एवढ्या थंडीत! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

तुळशीचा काढा झाला, लोकरीचं स्वेटर झालं. मांडीवर घेऊन बसले, तर ताप उतरला. आसनावर ठेवला, की चढला! पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायका जमल्या, एकमतानं निदान झालं: लेकराला सिंहासन नको, आईची मांडी हवी. मग काय! आळीपाळीनं मांड्या ठरल्या, भजन सुरू झालं.

"मले जेवण मिळंल का आज?" यांनी दारातून विचारलं.

"घर में बच्चा बीमार है और आपको खाना सूझ रहा है, भैया?" साहू भाभी कडाडल्या. हे केळं सोलत निघून गेले.

संध्याकाळी बायका घरी गेल्या. बाळकृष्णाला आसनावर निजवलं, तर पुन्हा फणफणला. माझा धीरच सुटला. हात जोडून नवस बोलले, "बाळा, तू बरा हो. जन्माष्टमीपर्यंत मी या नव्या फोनला हात लावणार नाही!" त्याहून लाडकं तेव्हा माझ्याजवळ होतं तरी काय?

तेवढ्यात यांच्या फोनवर मृणालचा व्हिडिओ कॉल. मी रडत रडत देवघर दाखवलं.

"मम्मी! देवाले चार्जरवर काहून बसवलं? वो फोन का है! फोन ठेवायचा त्याच्यावर, बिना वायर के चार्ज होता है. पितळ ठेवशील तर तापणारच ना!"

यांनी प्लग काढला. थोड्या वेळात बाळकृष्ण ठणठणीत!

"अवं, मग नवस कॅन्सल कर ना," हे म्हणाले.

असं कसं? मी मागितलं, त्यानं दिलं. ताप उतरला की नाही? बायकांनाही मी तेवढंच सांगितलं, की उतरला. बाकीचं सांगायला तोंड कुठे होतं मला!

आता बाळकृष्ण लाकडी पाटावर आणि यांनी ठेवलेला फोन दिवसभर चकतीवर. मृणालचा कॉल आला की मी वाकते आणि नाकानं उचलते. नवस हाताचा बोलले होते, नाकाचा नाही! पोरीला बिचारीला रोज आईच्या नाकपुड्या दिसतात.

काल साहू भाभींनी खिडकीतून पाहिलं. मी चकतीपुढे वाकलेली, डोळे मिटलेले, नाक टेकलेलं.

"दीदी, अब इनकी भी पूजा होती है क्या?"

खरं सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार! मी हळूच होकारार्थी मान हलवत म्हटलं, "हव."

आज सकाळी भाभी हार घेऊन आल्या. मागे पाऱ्यातल्या सगळ्या, आपापले फोन ताटात ठेवून!