कानाच्या मशीनची तार

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नणंदेचं दुसरं बाळंतपण नेसरीला, सासरीच झालं. सिझर करावं लागलं, पण मायलेकी सुखरूप होत्या. हे आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, काही केल्या पटेना. त्यांचं कानाचं मशीन जुन्या पद्धतीचं, छातीवर डबी आणि तारेनं जोडलेलं कानातलं बटण; ते नेमकं आदल्या दिवशी बंद पडलं होतं. आम्ही कानाशी ओरडायचो, "बरी हाय!" ओरडताना माणसाचं तोंड वेडंवाकडं होतं, त्यांना वाटायचं, हे काहीतरी लपवतायत. दोन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत. राजारामपुरीतला मशीनचा दुकानदार म्हणाला, कानातलं बटण पुण्याहून यायला आठ दिवस लागतील. आणि नणंद तर आजच संध्याकाळी पाचला दवाखान्यातून फोन करणार होती.

मी आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स केलेली. लग्न ठरताना त्या सर्टिफिकेटचं भारी कौतुक झालं आणि नंतर मला पोळपाटाशी बसवलं, याचा राग होताच. दुपारी कुणाला न विचारता कानात घालायचं बटण उघडलं. आतली केसाहून बारीक तार टोकाशी तुटली होती.

तारेच्या गुंडाळीचा एक वेढा सोडवून सोल्डरिंगनं कथलाचा डाग दिला. चिकटेना. तांबं चकचकीत दिसलं तरी त्यावर पातळ लेप असतो, तो गेल्याशिवाय कथील धरत नाही. ब्लेडनं खरवडली, तुटली. काडी पेटवून धरली, तर तारच जळाली. स्वतःला चार शिव्या हासडल्या. मग आयटीआयच्या सरांची युक्ती आठवली : ॲस्पिरिनची गोळी, ती वितळली की तारेवरचा लेप सुटतो. आत्तींच्या औषधांच्या डब्यात ती होती. गोळीवर तार ठेवून वरून सोल्डरिंगची तापलेली सळई टेकवली. असला धूर निघाला की नाकाडोळ्यांतून पाणी. आत्ती पदर नाकाला लावून समोर बसल्या होत्या, जागच्या हलल्या नाहीत. या खेपेला कथील बसलं.

बटण मिटवून आत्तींच्या कानात बसवलं, तोच पाचचा फोन वाजला. आत्ती रिसीव्हर कानाला नव्हे, छातीवरच्या मशीनला लावायच्या. तिकडून नणंद सवयीनं बेंबीच्या देठापासून ओरडली, ती मलाही ऐकू आली, "आई, ऐकू येतंय काय?"

"वरडू नगंस की! येतंय ऐकू. टाकं दुखतील तुजं."

मी भिंतीला टेकून खाली बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. जीव भांड्यात पडला होता. आत्ती वळून माझ्यावर खेकसल्या, "ए पोरी, गप की! ऐकू दे मला."