द्राहुश्काबाईचा उडता ‘के’

आमच्या ब्रनो शहरात द्राहुश्काबाईइतकी शिस्तीची बाई शोधून सापडायची नाही. दिवसभर ट्राम डेपोत पत्रं टाइप करायची, आणि संध्याकाळी घरी, टकटक बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओवर बँड मोठ्याने लावून, सरकारने बंदी घातलेल्या कादंबऱ्या! कार्बन घालून एका दमात दहा प्रती. दहावी इतकी पुसट की खिडकीच्या काचेला लावून वाचावी लागे, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला. मी बोहुश, टाइपरायटर दुरुस्त करणारा. मला कोण विचारतो!

त्र्याहत्तर साली ती टाइप करत होती त्या कादंबरीतल्या शहरात सगळ्यांना एकच टोपी, एकच जेवण, आणि शिंकायचं तेही भोंगा वाजल्यावर. बाई हसून हसून टेबल हलवायची. तिच्या मशीनचं ‘के’ हे अक्षर ओळ सोडून वर उडायचं. मी दहादा म्हटलं, सरळ करून देतो.

“हात तर लावून बघ! या घरात रांगेत उभं न राहणारं तेवढंच एक आहे.”

मग एक प्रत पोलिसांच्या हाती लागली, आणि तिच्यातला उडता ‘के’ त्यांनी हेरला. हुकूम निघाला, गुरुवारी आळीतल्या सगळ्यांनी आपापले टाइपरायटर तपासायला आणायचे. आता ‘के’ सरळ करूनही उपयोग नव्हता. जिन्यातल्या बंद दिव्यासाठी बाईने नगरपालिकेला सात तक्रारी धाडल्या होत्या, त्याच मशीनवर, खाली ठसठशीत सही करून! सापडली की तुरुंग.

बुधवारी मी पकड घेऊन निघालो. पहिले गाठले गाण्याचे मास्तर ओताकर. तुमचाही ‘के’ उडवतो म्हटल्यावर ते भडकलेच.

“लाज नाही वाटत? सगळे एकसारखे होऊ नका म्हणून ती बिचारी बोटं झिजवते, आणि तू आम्हाला एका साच्यात घालायला आलास?”

“मास्तर, त्या पुस्तकात कुणी विचारतं का? मी विचारतोय. वाकवू, की जाऊ?”

मास्तरांनी आपलं मशीन माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, “चांगला वाकव. आणि वरच्या दंतवैद्याकडेही जा, नववी प्रत त्याला मिळते.”

गुरुवारी ठाण्यात पोलिसांच्या साहेबाने पहिलं मशीन वाजवलं. ‘के’ उडाला. साहेब खूश! दुसरं, उडाला. अकराव्याला त्याने कॉलर सैल केली. पांढरीफटक पडलेली द्राहुश्काबाई तेविसावी. तिच्या मशीनकडे त्याने धड पाहिलंसुद्धा नाही. शेवटी वैतागून त्याने ठाण्याच्या मशीनवर अहवाल बडवला, ‘दोष कारखान्यातलाच’. त्यातही ‘के’ उडालेला! ठाण्याची दुरुस्ती माझ्याकडेच असते ना.

घरी आल्यावर बाई रडली, हसली, खसखशीच्या केकचा अख्खा तुकडा माझ्या तोंडात कोंबला. मग मशीनकडे बघत बसली.

“बोहुश, मेल्या, आता साऱ्या आळीचे ‘के’ उडतात. काढ ती पकड.”

“आणि काय करू?”

“माझा सरळ कर.”