पुराव्याचं गवत

आमच्या रस्त्यावर रोज सकाळी एक बाई विळा घेऊन म्हशीसाठी गवत कापायला येते. संध्याकाळी ती म्हैस चौकातल्या दूधकट्ट्यावर उभी करून गिऱ्हाइकासमोर धार काढते. नाव मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

माझ्या दारापुढचं गवत गुडघ्याला लागलं, म्हणून मी वॉर्ड ऑफिसात तक्रार दिली होती. शिक्षण चौथी, पण अर्ज माझ्या हातचा. दुसऱ्या दिवशी बाई तिथं वाकली तसा मी ओरडलो, "ए बाई, हात लावू नको! सायब बघाय येणार हाईत. त्यो पुरावा हाय!"

ती भांडली नाही. रस्ताभर कापत यायची आणि माझी हद्द आली की विळा काखेत मारून पुढं जायची. गवत कमरेला लागलं. साहेबाचा पत्ता नाही.

एक दिवस ती थांबली. अंगठ्यानं विळ्याची धार बघत म्हणाली, "आबा, म्हस उपाशी हाय. कट्ट्यावर गिऱ्हाईक दूध मागतंय, त्याला तुमचा अर्ज पाजू व्हय?"

माघार घेणं माझ्या रक्तात नाही. म्हटलं, "काप. पर थोडं ठेव, सायबाला दाखवाय."

तिनं शेंडीएवढं ठेवलं. "ह्यो घ्या पुरावा. जपा."

जपतोय. ऊन वाढलंय, वाळू नये म्हणून रोज तांब्याभर पाणी घालतो. बाई ते बघते आणि तोंडाला पदर लावून पुढं जाते. हसत असेल, पण समोर हसत नाही. एवढा मान मला त्या ऑफिसानं अजून दिलेला नाही.