रिपोर्ट येईपर्यंत

सुनंदा गेली हे कळलं तेव्हा मी निर्मळच्या आमच्या वाडीत टोमॅटोला काठ्या बांधत होतो. मेहुण्यांचा फोन आला. ‘दादा...’ एवढंच म्हणाले. पुढचं ऐकायची गरजच उरली नाही. आता दीड महिना होईल. हातातली सुतळी तेव्हा कुठे पडली, आठवत नाही.

माझी ही धाकटी बहीण टोमॅटोवरच्या विषाणूंची तज्ज्ञ. माणिकपूरला राहायची, मुंबईतल्या प्रयोगशाळेत जायची आणि सुट्टी मिळाली की वाडीत यायची. चहासुद्धा न घेता झाडांत शिरायची, पान उलटं करून पांढरी माशी शोधायची. पानं वळलेली दिसली की मी लगेच रोगाचं नाव घेऊन विचारायचो, ‘पर्णगुच्छच ना गं?’ बाईसाहेब चिडायच्या. ‘दादा, तणनाशक उडालं तरी पान असंच वळतं. आणि ही माशी काय एकच विषाणू आणते? रिपोर्ट येईपर्यंत मी नाव घेत नाही.’ पानं घेऊन जायची, तपासायची, मगच फोन करायची. बातमी वाईट असली तरी आडपडदा नाही. एकदा अशाच फोननंतर अख्खी ओळ उपटावी लागली. तीही आली होती उपटायला. ‘ही झाडं बरी होत नाहीत रे. बाकीची तरी वाचव,’ म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसले. झाडांसाठी रडणारी शास्त्रज्ञ म्हणून तिला नंतर किती चिडवलं मी!

गेल्या पावसाळ्यात ती फार वाळली. ‘डॉक्टर काय म्हणतात?’ मी विचारत राहिलो. ‘रिपोर्ट येऊ दे, दादा.’ मी निर्धास्त. या बाबतीत ती खोटं बोलणं शक्यच नव्हतं. दवाखान्यात नेली तेव्हा बोलण्यासारखी राहिली नव्हती. रिपोर्ट केव्हाच आला होता, हे मेहुण्यांनी मला तेराव्याला सांगितलं. दादाची लागवड नीट होऊ दे, मग सांगू, असं तिने त्यांना बजावलं होतं. जळो ती लागवड, सुने... मला तुझ्याजवळ बसायचं होतं गं.

परवा एका झाडाचा शेंडा आखडलेला दिसला. पानामागे माशी होती. मी ते पान खुडलं आणि कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं. बायको कामणकडची, बोलायला एरवी फटकळ. तिने पुडी उघडून पाहिली.

‘कोनाला देनार आता?’ हळूच म्हणाली.

तिने पुडी पुन्हा बांधली, दुधाची पिशवी जरा सरकवली आणि जागा करून ती आत ठेवली.