मातीत लावलेली भिंत
ओल्या मातीचा वास आला की मला पिंपळगावची ती भिंत आठवते. आम्ही द्राक्षं पेट्यांत भरायचं पॅकहाऊस बांधत होतो, इंजिनिअर म्हणून माझी पहिलीच साइट. कशानंतर कोणतं काम, हे बाणांनी जोडून मी मोठा चार्ट केला होता आणि पत्र्याच्या ऑफिसात चिकटवला होता. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणायचे. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मॅडम, भिंत आधी, मशीन नंतर?" मी तोऱ्यातच म्हणाले, "चार्टमध्ये आहे तसंच करायचं." चाचा थापी उचलून कामाला लागले. भिंत दोन दिवस आधीच उभी राहिली, म्हणून मी खूश. मग द्राक्षं थंड करायचं मशीन ट्रकवरून आलं आणि दारापेक्षा हातभर रुंद निघालं. आठवड्याभरात द्राक्षांचा माल यायला लागणार होता. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. चाचांनी मात्र बादलीभर पाणी मागवलं, भिंतीच्या मधल्या भागावर मारलं आणि थापीच्या टोकानं एकेक वीट अलगद काढायला लागले. "एवढा भाग मातीत लावलाय," ते म्हणाले, "सिमेंट नुसतं वरवर हाय. मशीन आत जाऊ द्या, याच विटा परत लावतो." दुपारपर्यंत मशीन आत गेलं. मी चार्टवरचा भिंतीकडून मशीनकडे जाणारा बाण खोडून उलटा काढला, तेव्हा चाचा हसले नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं. आज माझ्याकडे तीन साइट आहेत. चार्ट अजूनही मीच करते, फक्त बाण काढायच्या आधी पेन्सिल मिस्त्रीच्या हातात देते.