बूस्टरचे जाळीचे पंख

मला एका जागी बसवत नाही. पायाला भिंगरी म्हणतात ती माझ्या अंगभर आहे. जेवतानासुद्धा गुडघा हलत असतो, टीव्हीसमोर बसलो तर जाहिरातीला उठून गॅलरीत चक्कर मारून येतो. असा माणूस तासन्‌तास कागदाचं रॉकेट करत बसतो म्हटल्यावर लोक हसतात. हसू देत. तेवढाच वेळ मी बसतो, हे त्यांना कुठे ठाऊक?

रॉकेट म्हणजे अख्खं नाही, फक्त बूस्टर. खालचा लांबलचक भाग, जो वरच्याला ढकलून देतो आणि परत येऊन स्वतःच्या पायांवर उभा राहतो. फोनवर ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रिक्षाच्या रांगेत होतो, दोन रिक्षा सोडून दिल्या. वर जाणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात, मला हा परत येणारा आवडला. त्याच्या भागांचे नकाशे इंटरनेटवर मिळतात. झेरॉक्सवाल्याकडून जाड कागदावर छापून घ्यायचे, कटरने कापायचे, कापडाच्या ताक्यात पुठ्ठ्याची नळी असते तिच्यावर गुंडाळून गोलाई आणायची आणि आतून पट्टी लावून चिकटवायचे. सांधा बाहेरून दिसला तर मी फाडून टाकतो.

सांधा हेच माझं पोटापाण्याचं काम. मागावरचं बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपलं की नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याला पिळून जोडायचा, हजारो धागे. धुळ्याहून सुरतेत आलो तेव्हापासून हेच केलं, दुसरं काही येत नाही. बोटं चालली तर घर चालतं.

लिंबायतला आमचं घर पहिल्या मजल्यावर आणि खाली खातं. यंत्रमागाच्या कारखान्याला इथे सगळे खातंच म्हणतात. माग सुरू असले की घर थरथरतं. फळीवरची भांडी सरकत सरकत कडेला येतात, आरशातलं तोंड हलतं. आम्हाला त्याचं काही नाही. उलट गावाला गेलं की झोप लागत नाही.

म्हणून गेल्या वर्षी माझं कागद कापणं बिघडायला लागलं तेव्हा मी सरळ खालच्या मागांना शिव्या घातल्या. बूस्टरच्या वरच्या टोकाला जाळीचे चार पंख असतात, उतरताना दिशा धरायला. नखाएवढा पंख, त्यात बारीक बारीक चौकटी. कटर चौकटीबाहेर जायचा. मी टेबलाच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, मग जुन्या गादीचा कापूस. बायको मागे उभी राहून बघत होती. "नाचता येईना अंगण वाकडं," म्हणाली. मग आम्ही घरात बोलतो त्या अहिराणीत म्हणाली, "हात हालस तुमना. एकदाव डॉक्टरले दखाडी या ना."

मी असला भडकलो! हात नाही, घर हलतंय. तुझ्या कानातले डूल बघ, तेही हलतायत, म्हटलं. ती आत निघून गेली.

मी कामाला दुसऱ्या खात्यात, तिथेही तेच. धागा बोटातून सुटला की मी म्हणायचो, सूत भिकार आहे, बाजूचे माग धडधडतायत. कुणी वाद घातला नाही. जिथे सगळंच हलतं तिथे एक हात कुणाला दिसतो? मला मात्र धास्ती होती, खरं सांगतो. हात गेला तर मी काय करणार? भेस्तानच्या एखाद्या बिल्डिंगखाली वॉचमन होऊन दिवसभर खुर्चीत बसणार? मी?

मग खालच्या शेठने माग शहराबाहेर, सचिनच्या औद्योगिक वसाहतीत हलवले. टेम्पो भरभरून गेले. शेवटचा माग गेला त्या दुपारी कानाला दडे बसल्यासारखं झालं. बायको उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. मी मात्र खूश. आता दाखवतो, म्हटलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आंघोळ करून, पूजेला बसावं तसा टेबलाशी बसलो. कटरला नवं पातं घातलं. वारा नको म्हणून पंखा बंद केला. पहिल्याच चौकटीला पातं रेघ सोडून गेलं. दुसरा पंख घेतला, तोही वाया. रस्त्यावरून ट्रक गेला असेल म्हणून खिडकीत जाऊन पाहिलं; एक कुत्रं झोपलं होतं, बाकी काही नाही. पोटात काही नाही म्हणून होत असेल, पोहे खाल्ले. गच्चीवर फेऱ्या मारल्या. परत बसलो, परत उठलो. शेवटी वाटीत पाणी घेतलं आणि टेबलावर ठेवलं. पाण्यावर तरंग नव्हता. वाटीच्या वर उजवा हात धरला, तर त्याची सावली पाण्यात हलत होती. मी तो टेबलावर दाबून धरला. उचलला की पुन्हा सुरू.

उरलेले छापील पंख मी चुरगाळून फेकले.

बायकोने चहा आणला. माझ्यापुढे कप ठेवला, तो अर्धाच. डोकं आधीच फिरलेलं होतं, मी खेकसलो, "चहा संपला का घरातला?"

"दिवाळीपासून अर्धाच देस मी तुमले," ती म्हणाली. "भरेल दिधा तं सांडस."

दिवाळीपासून. आता होळी आली होती. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा कप पिऊन मी उठत होतो आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी गॅलरीत जायला उठू लागलो तर तिने माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

डॉक्टर किती वाजता बसतो, मी विचारलं.